६१ रिळं आणि एक फळी

रील म्हटलं की तुमचा अंगठा आपोआप वर सरकतो, माहितीये. पण हा विषय दुसऱ्या रिळाचा आहे. गळाच्या काठीला, म्हणजे रॉडला, मुठीपाशी जे चाक बसवलेलं असतं, ज्यावर तंगूस गुंडाळतात आणि मासा लागला की जे कर्रर्र करत सुटतं, ते रीळ. कोकणातल्या मंडळींना गरवणं नवीन नाही, पण खाडीवर किंवा जेटीवर बऱ्याचदा नुसती गरी, तंगूस आणि बोटं एवढ्यावरच भागतं. त्यामुळे जुनं पितळी रीळ हातात धरलेलं कुणी आपल्या वयात सापडणं तसं कठीणच.

आता कल्पना करा, तुमच्या घरात अशी ६१ रिळं आहेत आणि तीन महिन्यांत घर रिकामं करायचंय.

माझ्या चुलत आजोबांकडे यंदा हेच झालं. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वय ८१, राहणार मुलुंड, आयुष्य एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेलं आणि रविवार पवईच्या तलावावर. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. मधली तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, आणि त्या घराला माळाच नाही. माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, बेडरूममधली साडेतीन फुटांची एक फळी दाखवली आणि म्हणाल्या, "एवढ्यात बसेल ते तुमचं." अण्णांनी टेप लावून मोजलं. दाटीवाटीने १५ बसतात.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आमचे आजोबा मासे खातात, पकडत नाहीत. बरोबर. पण रिळांच्या जागी कॅसेट घाला, कॅमेरे घाला, पोस्टाची तिकिटं, रेडिओ, घड्याळं, फाउंटन पेन घाला. आजूबाजूला इमारती पडतायत, नव्या घरांत माळे नाहीत, आणि 'तुला वेळ आहे ना, जरा आजोबांना मदत कर' हे वाक्य कॉलेजात शिकणाऱ्यालाच ऐकवलं जातं. तेव्हा ऐकून ठेवा.

पहिलं काम म्हणजे कुणालाही फोन करायचा नाही. भंगारवाल्याला नाही, जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला नाही, ऑनलाइन जाहिरात तर मुळीच नाही. आमच्या काकांचा हिशेब सरळ होता, पितळ आहे तर किलोवर जाईल. काका वाईट नाहीत हो, त्यांना पॅकिंगची घाई होती. दुसऱ्या एका नातेवाइकाने दिवाळीत हौसेने दोन रिळं चिंच-मीठ लावून लखलखीत करून ठेवली होती. अण्णा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, पण ती दोन्ही रिळं फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी गेली. पितळेवर वर्षानुवर्षांनी जो काळपट तपकिरी थर चढतो, तो मळ नसतो. संग्राहक तोच पाहतात. काही जुन्या इंग्लिश रिळांवर तर कारखान्यातच मुद्दाम काळसर लेप दिलेला असे, पाण्याकाठी चमकून मासा बुजू नये म्हणून. तो घासून काढला की रीळ सुंदर दिसतं आणि किंमत गळून पडते. हिरवी कीट मात्र काढावी लागते, मऊ ब्रश आणि थोडं तेल घेऊन, हळू हळू. स्क्रूही असेच. खाचेत नीट न बसणारा स्क्रूड्रायव्हर लावला की खाच चिघळते, आणि जाणकार माणूस सगळ्यात आधी तीच बघतो.

ही रिळं आहेत तरी काय, हे कळल्याशिवाय कमी काय करणार? मी दोन शनिवार नुसती ऐकत बसले.

काठीवरच्या रिळाचं सगळ्यात जुनं प्रसिद्ध चित्र चीनमधलं आहे. मा युआन या चित्रकाराने साधारण ११९५ च्या सुमारास काढलेलं. थंडीतलं तळं, होडीत एकटा माणूस आणि त्याच्या काठीवर छोटंसं चाक. पण आज संग्राहक ज्या रिळांच्या मागे असतात ती गेल्या दोनशे वर्षांतली. आणि गंमत अशी, की ती बनवणारे निम्मे लोक घड्याळवाले! अमेरिकेत केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजी-सोनाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं रीळ बनवलं, की हँडल एकदा फिरवलं की चक्री अनेकदा फिरते. आत घड्याळासारखेच दाते. अण्णांकडे केंटकीचं एकही नाही. असतं तर काकांनी फळीचा विषयच काढला नसता. स्वीडनमधली आबू ही कंपनी १९२१ ची. तिच्या मूळ नावाचा अर्थच 'घड्याळ कारखाना'. पुढे त्यांनी रिळं सुरू केली आणि १९५० च्या दशकात लाल रंगाचं 'अॅम्बॅसेडर ५०००' काढलं. फ्रान्समधलं 'मिचेल' हे रीळ क्लूज गावचं, आणि तो सगळा परिसर घड्याळांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध.

इंग्लंडमधली गोष्ट मुंबईकराला जास्त जवळची वाटेल. ब्रॅडफर्डच्या लोकरगिरण्यांच्या घराण्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये अशा रिळाचं पेटंट घेतलं, ज्यात चक्री स्थिर राहते आणि दोरी तिच्या टोकावरून सरसर सुटते. कल्पना सुचली म्हणे गिरणीतल्या बॉबिनवरून. आज दुकानात मिळणारं साधं स्पिनिंग रील त्याचंच नातवंड. आणि तुमच्या सायकलच्या गिअरवर जे शिमानो नाव असतं ना, ती जपानी कंपनीही १९२१ चीच. आधी सायकलचे फ्रीव्हील, मग १९७० पासून रिळं.

या सगळ्यात राजा म्हणजे इंग्लंडच्या अॅनिक गावातल्या हार्डी बंधूंचं 'पर्फेक्ट'. १८९१ मध्ये आलं, आत बॉल बेअरिंग. योगायोग असा, की पवईचा तलावही १८९१ चाच. अण्णांकडचं पर्फेक्ट मात्र बरंच नंतरचं आहे, सुरुवातीचं पितळी नव्हे. चोरबाजारात एका शिलाई मशीनच्या खोक्यात त्यांना ते सापडलं. दुकानदाराला वाटलं मशीनचाच भाग असेल. हा किस्सा अण्णांनी मला चार वेळा सांगितला. चारही वेळा दुकानदाराने सांगितलेला भाव वेगळा होता, मी तो इथे देत नाही.

आता मुद्द्याचं काम, वही. एक रीळ, एक पान. नाव, चक्रीचा व्यास, कशाचं बनलंय, काय मोडलंय, कुठून आलं, किती साली आलं, त्यावर काय लागलं. रिळाच्या पायाखाली, म्हणजे जो भाग काठीवर बसतो त्याच्या उलट्या बाजूला, आकडे बघायचे. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच अॅम्बॅसेडरच्या पायावर अशी संख्या असते, की पहिले दोन आकडे साल सांगतात. फोटो काढायचे चार बाजूंनी. खोकं, माहितीपत्रक, छोटा पाना, तेलाची नळी असं काही असेल तर तेही त्याच फोटोत. हे कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण वस्तू विकली तरी वही आपल्याकडे राहते. आणि अण्णांच्या डोक्यात जे होतं ते दुसऱ्या कुठल्याही साइटवर नव्हतं. साताऱ्याच्या कुणा वकिलांच्या मुलीने वडील गेल्यावर दिलेलं रीळ कुठलं आणि माझगावच्या खलाशाकडून घेतलेलं पेन कंपनीचं सेनेटर कुठलं, हे त्या ६१ वस्तूंकडे बघून जगातला कुणीही तज्ज्ञ सांगू शकला नसता. (पेन म्हणजे लिहायचं नव्हे. ऑटो हेन्झे या जर्मन स्थलांतरिताने १९३२ मध्ये फिलाडेल्फियात काढलेली कंपनी. खोल समुद्राची दणकट रिळं.)

पंचविसाव्या पानापर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं, की अण्णा नाव वाचतच नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक अक्षर दिसत नाही. ते रीळ कानाजवळ नेतात आणि हँडल फिरवतात. प्रत्येक रिळात एक छोटी खिट्टी दात्यावर आपटत असते. चक्री जास्त सैल सुटू नये म्हणून, आणि मासा ओढतोय हे कळावं म्हणून. त्या खिट्टीचा आवाज प्रत्येकाचा वेगळा. हार्डीचा दाट, खालच्या पट्टीतला. एका स्वस्त रिळाचा तर चक्क प्रेशर कुकरच्या सैल शिट्टीसारखा. मग आम्ही वहीसोबत फोनवर आवाजही रेकॉर्ड केले, प्रत्येकी वीस सेकंद. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातलं हे सगळ्यात कामाचं निघालं, आणि याला ना फळी लागते ना माळा.

वही पूर्ण झाली तेव्हा काही गोष्टी स्वतःहूनच उघड्या पडल्या. ६१ पैकी १४ तर मिचेल ३०० होती! बाजूने पाहिलं तर वाकड्या अंड्यासारखी दिसणारी, एकसारखी काळी. ही जगात लाखोंनी खपली, त्यामुळे दुर्मीळ अजिबात नाहीत. "मग १४ का घेतलीत?" "सुटे भाग," अण्णा म्हणाले. एक दुरुस्त करायला दुसरं घ्यायचं, दुसऱ्यासाठी तिसरं. सुटे भाग म्हणून घेतलेली वस्तू हळूहळू संग्रहात जाऊन बसते, हे तुम्हालाही ओळखीचं वाटेल. चार्जरच्या वायरींचा तुमचा ड्रॉवर आठवा. १४ मधून दोन धडधाकट उभी राहिली. बाकीच्यांचे स्प्रिंग, दाते, हँडल डब्यांत गेले आणि उरलेले सांगाडे खरोखरच भंगारात. काका खूश.

विकण्याआधी कायदा बघा. हे कुणी सांगत नाही म्हणून मी जरा जास्त सांगते. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा आहे. त्यात १०० वर्षांहून जुन्या, इतिहास, कला, कारागिरी किंवा विज्ञानाच्या दृष्टीने मोलाच्या वस्तू पुरावशेषांत येऊ शकतात, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे लंडनच्या ग्राहकाने चांगला भाव दिला म्हणून आजोबांचं शंभरी उलटलेलं रीळ कुरिअर करून मोकळं होता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही वस्तू पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र मिळतं, ते आधी घ्यायचं. दुसरं हस्तिदंत. जुन्या रिळांच्या हँडलची बोंडं कधी शिंगाची, कधी हस्तिदंताची असत. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, आणि 'आजोबांच्या वेळचं आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. पुष्कळ रिळांवर हस्तिदंतासारखं दिसणारं प्लॅस्टिक असतं हेही खरं. पण अंदाजाने जाहिरात टाकू नका, जाणत्या माणसाला दाखवा.

भाव कसा ठरवायचा? मागितलेल्या किमती बघू नका, विकल्या गेलेल्या बघा. ऑनलाइन कुणीही काहीही मागतं. परदेशात फक्त मासेमारीच्या जुन्या सामानाचे लिलाव होतात, अमेरिकेत तर जुन्या रिळांच्या संग्राहकांची स्वतःची संघटना आहे. तिथले आकडे वाचून आमचे काका दोन दिवस हवेत होते. मग कळलं, की ते भाव खोक्यासकट, मूळ लेपासकट, स्क्रूला ओरखडा नसलेल्या रिळांचे. मुंबईच्या दमट हवेत साठ पावसाळे काढलेल्या रिळांचे नव्हेत. अण्णांचं लाल अॅम्बॅसेडर कातड्याच्या सुंदर पेटीत होतं, आणि त्या पेटीनेच घात केला. कातडं ओल धरून ठेवतं. आतला पितळी भाग हिरवा पडला होता. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर पेटी वेगळी ठेवा, रीळ वेगळं. चक्रीवर जुना दोरा असेल तर तोही काढून टाका, ओल त्याच्या खालीच लपते.

हे सगळं मी सरसर लिहिलं, पण मधे एक पूर्ण रविवार काहीच झालं नाही. अण्णांनी पेटी उघडूच दिली नाही. माई म्हणाल्या, जाऊ दे, आज नको. मी चहा पिऊन निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "अगं, गेली सहा वर्षं मी तलावावर गेलेलो नाही. हात थरथरतो, गळाला गाठ मारता येत नाही. पण रिळं माळ्यावर होती तोवर मी जाणार होतो." वस्तू कमी करताना माणूस जागा मोजत नसतो, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात गेलं. म्हणून आम्ही पद्धत बदलली. 'काय काढायचं' हा प्रश्नच बंद केला. रोज एकच विचारायचं, "याचं काय करायला तुम्हाला आवडेल?" त्यानंतर कामाला वेग आला. घाई असेल तरी तुम्ही हा प्रश्न बदलून बघा.

काही रिळं पुन्हा पाण्यावर गेली. अण्णांच्या जुन्या साथीदारांच्या नातवंडांना चार मिळाली. आमच्या वर्गातला एक मुलगा वसईच्या खाडीवर गरवतो, त्याला एक मिचेल. त्याला देताना अण्णांनी अर्धा तास तंबी दिली. नवा नायलॉनचा तंगूस ताणून गुंडाळू नकोस. ताणलेला तंगूस चक्रीवर आवळत जातो आणि जुनी चक्री फुटू शकते. खाऱ्या पाण्यातून आलास की गोड्या पाण्याने धू, ब्रेक सैल करून ठेव. तो मुलगा आता दर आठवड्याला फोन करतो, कुठलं तेल, किती तेल. अण्णा फोनची वाट बघतात आणि उचलल्यावर म्हणतात, "आता काय मोडलंस?"

विकली १९. बोली आधी घरच्यांनी ठरवली आणि ज्यांना त्यांची किंमत कळते अशाच दोघांना विकली. एकरकमी सगळं उचलतो म्हणणाऱ्याला दिली नाहीत. तो भाव नेहमीच कमी असतो, कारण त्याला चारच हवी असतात आणि बाकीची तुमच्या घरातून काढून नेण्याची मजुरी तो त्यातूनच वळती करतो.

आता फळी. माझी यादी वेगळी होती, आणि अजूनही मला वाटतं ती बरोबर होती. हार्डी, अॅम्बॅसेडर, सेनेटर, प्रत्येक जातीचं एक, म्हणजे रिळाचा इतिहास दिसला असता. अण्णांनी हार्डी विकलं! मी वाद घातला. ते म्हणाले, "त्यावर मी एकही मासा धरला नाही. जपून जपून वापरलंच नाही." आणि ठेवलं काय, तर ते कुकरच्या शिट्टीवालं, नावही नसलेलं, स्वस्तातलं रीळ. लोणावळ्याच्या बाजूला त्यावर त्यांना एक खडशी लागली होती आणि सोडून दिली होती. या माशाचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं आणि नाव इथल्याच बोलीतून उचललं. लोणावळ्यात टाटा पॉवर कंपनी गेली अनेक वर्षं त्याची पैदास करून पिल्लं तलावांत सोडते. हे मी अण्णांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग माझी असेल अजून तिथेच."

फळीवर १३ बसली. १५ ची जागा होती, पण दोन ठिकाणी माईंनी औषधांचे डबे ठेवलेत.

एकच रीळ अजून अधांतरी आहे. लाकडी, नॉटिंगहॅम पद्धतीचं, मागे ताऱ्याच्या आकाराची पितळी पट्टी. लाकूड फुगून वाकू नये म्हणून ती पट्टी लावत. एका पारशी गृहस्थांच्या घरातून आलेलं, आणि वहीतल्या नोंदीप्रमाणे शंभरी ओलांडलेलं. परदेशातल्या ग्राहकाची विचारणा आली आहे. पण प्रमाणपत्रासाठी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज, फोटो, फेऱ्या हे सगळं व्हायचंय, आणि ते काम माझ्याकडे आहे. तोवर ते माझ्या हॉस्टेलच्या कपाटात, सुती फडक्यात. जून जवळ आलाय, कपाटाला ओल येते, आणि अण्णा रोज रात्री मेसेज करून विचारतात, "चक्री फिरते ना?"